जुन्या ट्रॅक्टरचा क्लच : स्वस्त आणि भरवशाचे सुटे भाग मिळवावेत कसे?

मृगाचा पाऊस पडून जातो, काळ्या रानाला वापसा येतो आणि धाराशिव जिल्ह्यात पेरणीची एकच धांदल उडते. नेमक्या याच दिवसांत कळंब, उमरगा, तुळजापूर किंवा भूम येथील गॅरेजांच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. वीस-पंचवीस वर्षांचा एखादा ट्रॅक्टर मधोमध उघडून ठेवलेला असतो. इंजिन एका बाजूला लाकडी ठोकळ्यांवर टेकलेले, गिअरबॉक्ससह मागचा भाग दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मोकळ्या जागेत हाताएवढ्या रुंदीची एक जळकी, काळवंडलेली चकती. ती क्लच प्लेट. तिचा जोडीदार गावात मिळत नाही, तालुक्याला मिळाला तर मापात बसत नाही, आणि मापात बसला तर तो किती दिवस टिकेल याची खात्री देता येत नाही. वापसा मात्र चार-पाच दिवसांत उडून जातो.

जुने ट्रॅक्टर वापरणे हा हौसेचा भाग नाही. नव्या यंत्राचा हप्ता ज्यांना झेपत नाही, अशा मध्यम शेतकऱ्यांची आणि भाडेतत्त्वावर नांगरट-पेरणी करून देणाऱ्यांची उपजीविका त्यावर चालते. एमएच-२५ या क्रमांकाचे, पंधरा वर्षांची पहिली नोंदणी संपून नूतनीकरण झालेले ट्रॅक्टर जिल्ह्यातील रस्त्यांवर आजही सहज दिसतात. यांची इंजिने दणकट असतात. खर्च काढतो तो क्लच. त्यातही खरी अडचण सुट्या भागाच्या किमतीपेक्षा योग्य भाग ओळखण्याची आहे. चुकीचा भाग स्वस्तात आणला, तर ट्रॅक्टर दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी त्या बचतीच्या कितीतरी पुढे जाते.

क्लचचे काम वरवर पाहता सोपे आहे. इंजिनाच्या मागे फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याला बोल्टने बसवलेली, स्प्रिंगांच्या जोराने दाब देणारी प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्ये चिमटीत धरलेली क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकते. पायाने पेडल दाबले, की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना ढकलते, चिमटा सैल होतो आणि इंजिनाची शक्ती चाकांकडे जाणे थांबते. पेडल सोडताना क्षणभर प्लेट घसरत घसरत पकड घेते. ही घसरण म्हणजेच झीज. पेडल पूर्ण दाबलेले किंवा पूर्ण सोडलेले असताना क्लच जवळजवळ झिजत नाही. झिजतो तो अर्धवट अवस्थेत.

धाराशिवमधील कामांचे स्वरूप पाहिले, तर ही अर्धवट अवस्था वारंवार का येते हे कळते. ढोकी, रांजणी, केशेगाव, मुरूम, नळदुर्ग या परिसरांत साखर कारखाने उभे राहिले आणि ट्रॅक्टरचे काम नांगरापुरते उरले नाही. दोन ट्रॉल्या भरून ऊस ओल्या रानातून बाहेर काढायचा, बांधावरचा चढ चढायचा, मग कारखान्याच्या आवारात वजनकाट्याच्या रांगेत तासन् तास हातभर पुढे सरकत राहायचे. या रांगेत चालकाचा पाय पेडलवरून क्वचितच उचलला जातो. उन्हाळ्यात तलावांतील गाळ वाहण्याचे काम असते. २०१७ मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाल्यापासून त्याला अधिक गती मिळाली. ट्रॅक्टरच्या तोंडाला लोडर बसवून शेणखत, माती किंवा वाळू भरण्याचा प्रकार तर क्लचच्या दृष्टीने सर्वांत कठीण. पुढे जा, बादली भर, मागे ये, वळ, ओत, पुन्हा पुढे. मिनिटाला दोन-तीन वेळा क्लच दाबला जातो आणि दर वेळी भार असतोच.

लोडरच्या क्लचची ही डोकेदुखी नवी नाही. छोट्या जागेत गर्रकन वळणाऱ्या ज्या यंत्राला आज ‘स्किड स्टीअर लोडर’ म्हणतात, त्याचा जन्मच क्लचमधून झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रोथसे या गावी सिरिल आणि लुई केलर या लोहारकाम करणाऱ्या दोघा भावांनी १९५७ च्या सुमारास एका टर्कीपालकासाठी तीनचाकी लोडर बनवला. पक्ष्यांच्या खुराड्यातील खांबांमधून वळून खत बाहेर काढता यावे एवढीच अपेक्षा होती. डाव्या आणि उजव्या चाकांना स्वतंत्र क्लच देऊन त्यांनी ती पूर्ण केली. पुढे मेलरो कंपनीने हे यंत्र घेतले आणि १९६२ पासून ते ‘बॉबकॅट’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या सुरुवातीच्या यंत्रांत क्लचच्या चकत्या वारंवार झिजत. नंतरच्या काळात चाकांना गती देण्याचे काम हायड्रॉलिक पंप आणि मोटरकडे गेले आणि घर्षणाचा क्लच मागे पडला. त्यामुळे अलीकडच्या स्किड लोडरसाठी कोणी ‘क्लच प्लेट’ मागू लागला, तर प्रथम त्या यंत्रात ती आहे का, हेच तपासावे लागते. बहुधा इंजिन आणि पंप यांना जोडणारे कपलिंग किंवा पट्टा खराब झालेला असतो. शेतावरच्या ट्रॅक्टर-लोडरमध्ये मात्र जुनाच घर्षणाचा क्लच असतो, आणि म्हणून जिल्ह्यातील शोधाशोध मुख्यतः ट्रॅक्टरच्या भागांची असते.

खरेदीच्या आधी निदान हवे. ‘क्लच गेला’ या दोन शब्दांत दोन अगदी वेगळे आजार दडलेले असतात. इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर ओढत नाही, चढावर जळका वास येतो, याला घसरणे म्हणतात. पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडतो, ट्रॅक्टर किंचित पुढे सरकत राहतो, हा झाला क्लच न सुटण्याचा दोष. पहिल्या प्रकारात प्लेट झिजलेली असू शकते. पण पेडलचा मोकळा खेळ संपल्यामुळे बेअरिंग सतत बोटांवर टेकून राहिले, तरी हीच लक्षणे दिसतात. हा खेळ बऱ्याच जुन्या नमुन्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. अचूक आकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. दांडीची नट-बोल्टने जुळवणी केली की काही वेळा ट्रॅक्टर न उघडताच काम भागते. तिसरी शक्यता तेलाची. इंजिनाच्या मागच्या बाजूचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूचे ऑइल सील गळू लागले, की तेल प्लेटवर येते आणि नवीकोरी प्लेटही घसरते. अशा वेळी प्लेट बदलून सील तसेच ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

निदान पक्के झाले, की प्रश्न येतो कंपनीचा. अनेक जुन्या ट्रॅक्टरांच्या बॉनेटवरील नाव आणि आजचा मालक यांचा मेळ राहिलेला नाही. देशातील पहिल्या ट्रॅक्टरांपैकी एक असलेला आयशर १९५९ मध्ये फरिदाबादला तयार झाला. हा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये चेन्नईच्या टाफे समूहाकडे गेला. टाफे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांसाठी आधीपासून परिचित होतीच. पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज २००७ मध्ये महिंद्रच्या छत्राखाली आला. एस्कॉर्ट्सने बनवलेले फोर्ड ट्रॅक्टर अजून रानात आहेत. ती कंपनी २०२२ पासून एस्कॉर्ट्स कुबोटा झाली. म्हणजे या तिन्हींच्या बाबतीत वारस आहे, वितरक आहे, सुट्या भागांचे क्रमांक असलेली सूची आहे. भाग ‘बंद झाला’ असे दुकानदाराने सांगितले, तरी नव्या मालकाच्या अधिकृत वितरकाकडे जुना क्रमांक देऊन विचारणा करण्यास हरकत नाही. बहुधा जुन्या क्रमांकाच्या जागी नवा क्रमांक आलेला असतो, भाग तोच असतो.

खरी पंचाईत एचएमटीवाल्यांची आहे. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९७१ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू केले. पंचवीस अश्वशक्तीचा ‘२५११’ आणि पुढे आलेला, ओढण्याच्या ताकदीसाठी नावाजलेला ‘५९११’ या नमुन्यांचे चाहते महाराष्ट्रातही कमी नाहीत. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हा विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. आता कंपनीचा खोक्यातला भाग म्हणून जे विकले जाते, ते एक तर जुना शिल्लक साठा असते किंवा कोणीतरी बाहेर बनवलेले असते. येथे नावावर विसंबून राहणे धोक्याचे. माप हाच एकमेव आधार.

ग्राहकांना सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट या व्यवहाराच्या मुळाशी आहे. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक वेळा क्लच स्वतः बनवत नाहीत. तो क्लचच्याच व्यवसायात असलेल्या उत्पादकांकडून घेतला जातो. तोच उत्पादक कारखान्याला पुरवठा करतो आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातून खुल्या बाजारातही विकतो. शेफलर समूहाचा ‘लुक’ हे नाव याच व्यवसायातले. त्याचा कारखाना तमिळनाडूतील होसूरला आहे. पूर्वी सीके डायकिन म्हणून आणि नंतर एक्सेडी इंडिया म्हणून ओळखला जाणारा क्लचनिर्मितीचा उद्योग तर मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला आहे. तेव्हा काढलेल्या जुन्या प्रेशर प्लेटवर किंवा क्लच प्लेटच्या मधल्या भागावर कोरलेले उत्पादकाचे नाव आणि क्रमांक घासलेटाने पुसून, नीट वाचून लिहून घ्यावे. ट्रॅक्टर कंपनीचा शिक्का असलेल्या खोक्याऐवजी मूळ उत्पादकाचा खोका घेतला, तर दर्जा न घालवता पैसे वाचतात. स्वस्त भागाचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, आणि आश्चर्य म्हणजे सर्वांत कमी वापरला जाणाराही हाच.

दुकानात जाताना जुना भाग सोबत नेणे उत्तम. ते शक्य नसेल तर मापे हवीत. प्लेटचा बाहेरचा व्यास, लाइनिंगचा आतला व्यास, मधल्या छिद्रातील खाचांची, म्हणजे स्प्लाइनची संख्या, त्या छिद्राचा व्यास आणि हबची जाडी. याखेरीज क्लच एकेरी आहे की दुहेरी, हे सांगावे लागते. दुहेरी क्लचमध्ये चाकांसाठी एक आणि मागच्या पीटीओ शाफ्टसाठी दुसरी अशा दोन प्लेटा असतात. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालवणाऱ्यांना याचे महत्त्व ठाऊक असते. एकाच नमुन्याचे ट्रॅक्टर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या क्लचसह विकले गेलेले आहेत, त्यामुळे नुसते ‘अमुक मॉडेलची प्लेट द्या’ म्हणणे पुरेसे नाही. निर्मितीचे वर्ष आणि इंजिनाचा क्रमांकही द्यावा. नवी प्लेट हाती आल्यावर ती बसवण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून पाहावी. ती अडखळता कामा नये आणि डुलताही कामा नये.

भाग शोधायचा कुठे? धाराशिव शहरात आणि मोठ्या तालुक्यांच्या गावी चालू नमुन्यांचे भाग मिळतात. जुन्यासाठी सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते; सोलापूर साधारण ७० किलोमीटरवर, लातूर त्याहून थोडे पुढे. परंड्याकडच्या शेतकऱ्याला बार्शी जवळची. त्यापुढे पुण्याची नाना पेठ, आणि सरतेशेवटी उत्तर भारत. दिल्लीचे काश्मिरी गेट ही वाहनांच्या सुट्या भागांची मोठी घाऊक बाजारपेठ, तर लुधियानात ट्रॅक्टरचे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने आहेत. जुन्या एचएमटी किंवा फोर्डच्या भागांसाठी महाराष्ट्रातील दुकानदारही शेवटी तिकडेच बोट दाखवतात. माप आणि छायाचित्र मोबाइलवरून पाठवून भाग मागवणे आता सोपे झाले आहे; परंतु भाग न बसल्यास परत घेण्याची अट आधीच लेखी मान्य करून घ्यावी. घाईच्या दिवसांत परतीचा प्रवासच आठवडा खातो.

किमतीच्या हिशेबात करही येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या क्लच आणि त्याच्या भागांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी ५,००० रुपये किंमत असलेल्या संचावर पूर्वी ९०० रुपये कर लागत असे, आता २५० रुपये लागतो. ही सवलत ट्रॅक्टरच्या भागांसाठी आहे, माती उकरणाऱ्या यंत्रांच्या भागांसाठी नव्हे. म्हणून ट्रॅक्टरवर लोडर बसवलेला असला, तरी बिलावर भाग ट्रॅक्टरचा असल्याची नोंद आणि कराचा दर दोन्ही पाहून घ्यावेत. अर्थात, बिलच न घेणाऱ्याला याचा काही उपयोग नाही. ‘बिल नको, कमी करा’ हा सौदा ग्रामीण बाजारात सर्रास चालतो आणि करात झालेली कपात त्यात कुठे मुरते ते कळत नाही.

बिलाचे दुसरे कारण बनावट माल. ‘ओरिजिनल’ हा शब्द सुट्या भागांच्या बाजारात इतका सैलपणे वापरला जातो, की त्याला फारसा अर्थ उरलेला नाही. खरा भाग, अन्य उत्पादकाचा स्वतःच्या नावाने विकला जाणारा पर्यायी भाग आणि दुसऱ्याचे नाव छापलेला बनावट भाग हे तीन वेगळे प्रकार आहेत. दुसरा प्रकार पूर्णपणे कायदेशीर असतो आणि पुष्कळदा चांगलाही असतो. तिसरा गुन्हा आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. खोक्यावरील छपाई पुसट, शब्दाचे स्पेलिंग एखाद्या अक्षराने बदललेले, रिव्हेट असमान ठोकलेले, लाइनिंगच्या कडा भुगा होणाऱ्या, ही ओळखण्याची साधी चिन्हे. फसवणूक झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. उपजीविकेसाठी स्वतः ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरतो, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. या सगळ्याला पुरावा म्हणून लागते ते बिलच.

नवी प्लेट परवडत नसेल किंवा मिळतच नसेल, तर जुन्या प्लेटला नवे लाइनिंग बसवून घेण्याचा मार्ग उरतो. जुने रिव्हेट काढून, पोलादी चकती आणि मधला हब तसाच ठेवून, दोन्ही बाजूंना नव्या घर्षणपट्ट्या रिव्हेटने बसवतात. सोलापूर-लातूरसारख्या शहरांत हे काम करणारे कारागीर आहेत. हबच्या खाचा झिजलेल्या नसतील, चकतीला तडा गेलेला नसेल आणि धक्के शोषणाऱ्या छोट्या स्प्रिंगा सैल नसतील, तरच हे करण्यात अर्थ आहे. काम झाल्यावर प्लेट वाकडी नाही ना, हे फिरवून पाहणे आवश्यक. इंजिनाच्या वेगाने फिरणारी चकती फुटली, तर तिचे तुकडे आवरणाबाहेर येऊ शकतात. या कामात कारागिराचा हात कसलेला असणे म्हणूनच महत्त्वाचे.

येथेच एका दुर्लक्षित धोक्याचा उल्लेख करावा लागतो. जुन्या काळच्या लाइनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई, आणि त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षांनी असाध्य विकार उद्भवू शकतात. क्लचच्या आवरणात साचलेली काळी धूळ हवेच्या नळीने फुंकून काढण्याची पद्धत जवळपास सर्व गॅरेजांत आहे. ती धूळ ओल्या फडक्याने पुसून काढणे हाच योग्य उपाय. गॅरेजमध्ये चहाचे कप घेऊन फिरणारी मुले सर्वांत जवळ उभी असतात, एवढे तरी लक्षात घ्यायला हवे.

भंगार बाजाराचे गणित वेगळे. निकालात काढलेल्या ट्रॅक्टरचे फ्लायव्हील, क्लचचा फोर्क, पेडलचा शाफ्ट, बेल हाउसिंग हे भाग दीर्घायुषी असतात. तडा नसेल तर निर्धास्त घ्यावेत. प्रेशर प्लेट घ्यायची तर तिचा घासला जाणारा पृष्ठभाग सपाट आहे का, त्यावर उष्णतेचे निळसर डाग आहेत का, बोटांची टोके झिजली आहेत का, हे पाहावे. निळे डाग म्हणजे धातू तापून गेलेला. वापरलेले बेअरिंग आणि वापरलेली क्लच प्लेट मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पैसे वाचवण्याच्या नादात सर्वांत मोठी चूक होते ती फक्त प्लेट बदलण्याची. ट्रॅक्टर उघडून जोडण्याची मजुरी एकदाच द्यायची असेल, तर रिलीज बेअरिंग, शाफ्टच्या टोकाचे पायलट बेअरिंग आणि गळके सील त्याच वेळी बदललेले बरे. तुलनेने हे भाग किरकोळ किमतीचे. फ्लायव्हीलवर खोल चरे असतील, तर ते लेथवर हलक्या हाताने साफ करून घ्यावे लागते. जोडणी करताना प्लेट नेमकी मध्यभागी यावी म्हणून जुन्या शाफ्टचा तुकडा वापरण्याची गॅरेजवाल्यांची युक्ती चांगली आहे. प्रेशर प्लेटची सर्व बोटे एकाच उंचीवर असणे तितकेच आवश्यक. त्यात फरक राहिला, तर महागडा क्लचही पहिल्याच दिवसापासून थरथरतो.

हे सारे करण्यासाठी जिल्ह्यात सोयीचा काळ एकच. उसाचा गळीत हंगाम संपल्यापासून मृगापर्यंतचे दिवस. गाळ वाहणारे ट्रॅक्टर सोडले, तर या काळात गॅरेजांत गर्दी कमी असते, दुकानदाराला बाहेरून भाग मागवायला वेळ मिळतो, आणि न बसणारा भाग परत पाठवता येतो. घसरू लागलेला क्लच सहसा एका दिवसात जात नाही. गळिताच्या अखेरच्या खेपांत चढावर वास येऊ लागलेला असतोच. काही जाणते चालक बदललेल्या प्लेटचे माप, उत्पादकाचा क्रमांक आणि बदलल्याची तारीख ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून रंगाने लिहून ठेवतात. पुढच्या खेपेला सोलापूरच्या दुकानात फोन लावायला तेवढे पुरते.